कोपऱ्यातल्या पिंपाची तूट

स्वतःच्या हातानं लावलेलं कुलूप उघडायच्या आधी त्याच दारावर टकटक करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भालेराव साहेब.

"आत कुणी नाही हो साहेब," पहिल्या दिवशी मी म्हणाले होते. "काल संध्याकाळी तुम्हीच बंद केलंत ना?"

"आमीच केलं," ते शांतपणे म्हणाले. "पर दार म्हणल्यावर वाजवावं. असलंच कुणी, तर त्याला जरा सावरून बसायला येळ मिळतो."

मग घसा खाकरून, एकदम सरकारी आवाजात, बंद दाराला उद्देशून ते म्हणायचे, "शासकीय तपासणी आहे. सहकार्य करावे." आतून कुणी 'या' म्हणेल म्हणून थांबावं तसे थोडे थांबायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. दार उघडलं की थंडगार हवा तोंडावर यायची. लाकडाचा, जुन्या द्राक्षाचा आणि ओल्या मातीचा मिळून झालेला एक वास. आत लाकडी पिंपं आडवी निजलेली. दुसरं कुणीही नाही. तरी भालेराव साहेब टोपी काढून आत जायचे.

गोष्ट नव्वदचं दशक संपतानाची आहे. नारायणगावाला लागून असलेल्या वारूळवाडीच्या शिवारात दत्तूशेठ नावाच्या द्राक्ष बागायतदारानं ब्रँडीचा छोटा कारखाना काढला होता. परदेशी पाठवायच्या मालातून जी बारीक मण्यांची द्राक्षं बाजूला पडायची त्यांचं काय करायचं, या काळजीतून. एक तांब्याची भट्टी, ब्रँडी मुरवायची एक खोली आणि हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी माणसं. मी तिथं केमिस्ट. मंचरहून रोज एसटीनं जायचे. माझ्या सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, सूनबाई औषधाच्या कंपनीत आहे. दत्तूशेठच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, "खोटं काय त्यात? सरकारचं पण तेच म्हणणं हाय की."

ते खरंच होतं. आपल्या राज्यात दारू प्यायची तर परवाना लागतो, आणि तो दिला जातो प्रकृती सांभाळण्यासाठी. पिणाऱ्यांतल्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं. भालेराव साहेबांना ठाऊक होतं. ते उत्पादन शुल्क खात्याचे दुय्यम निरीक्षक, नेमणूक आमच्या कारखान्यावर. दारू तयार होते तिथं सरकारचा माणूस बसतो. मुरवणीच्या खोलीला दोन कुलपं, एक मालकाचं आणि एक सरकारचं. एकट्यानं कुणालाच उघडता येत नाही. मालकाची किल्ली दत्तूशेठनी माझ्याकडे दिली होती, त्यामुळे भालेराव साहेबांच्या मागोमाग त्या खोलीत जाणं हे माझं नित्याचं काम झालं.

साहेब अवसरी बुद्रुकचे. उंच, वाळके, कडक इस्त्रीचे. दिवसभर दारूच्या वासात बसायचे, पण थेंबाला शिवलेले नाहीत. "दीक्षेच्या प्रतिज्ञा घेतल्यात आमी," ते सांगायचे. ब्रँडीचा कडकपणा ते काचेच्या मापकानं बघायचे आणि मग साबणानं हात धुवायचे. देवदेवस्की, भूतखेत यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "त्ये सगळं आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तवाच नदीत सोडलं."

"मग दार कशाला वाजवता?"

"त्ये भुतासाठी न्हाई, म्याडम. मॅनर्स हायेत."

त्यांचं दुसरं वेड रस्त्याचं. कारखान्याच्या फाटकातून ब्रँडीचा एक खोका बाहेर काढायचा तरी वाहतुकीचा पास लागतो. कोणती गाडी, कोणता मार्ग, कधीपर्यंत पोचायचं, सगळं आधी ठरलेलं. वाट बदलता येत नाही. गाडी बंद पडली तर ड्रायव्हरनं जवळच्या कचेरीला कळवायचं. माल दुसऱ्या राज्यात जायचा असेल तर तिथल्या सरकारची वेगळी परवानगी, आणि बाटलीवर कोणतं लेबल चालेल तेही ज्या त्या राज्यानं ठरवायचं. हा कायदा भालेराव साहेबांनी असा अंगी लावून घेतला होता की तो फक्त दारूपुरता उरला नव्हता. दूधवाला आला की, "कोणत्या मार्गानं?" टपालवाला आला की, "कोणत्या मार्गानं?" मी एसटीतून उतरून चालत आले की मलाही तेच. जसं काही मंचरहून नारायणगावला यायला दहा रस्ते होते! मी सांगितलं की मान हलवून म्हणायचे, "नोंद घेतली."

दत्तूशेठचा एक जुना मित्र दिल्लीला होता. त्यानं फोन करून सांगितलं, तुझ्या ब्रँडीची एक बाटली कुरिअरनं पाठव. शेठ 'हो हो' म्हणत होते तेवढ्यात साहेबांनी त्यांच्या हातातला रिसीव्हर अदबीनं काढून घेतला.

"नमस्कार. भालेराव बोलतोय. बाटली निघंल वारूळवाडीतनं, येईल तुमच्याकडं. मधी राज्यं कोणकोणती लागत्यात, जरा सांगता का? नकाशा असंल घरात तर घ्या. आमी थांबतो."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. त्यानंतर त्या मित्राचा फोन कधी आला नाही. "पंचवीस वर्षांची दोस्ती," दत्तूशेठ म्हणाले. "एका बाटलीत बुडाली राव."

एकदा आमचा ड्रायव्हर खोके भरलेला टेम्पो घेऊन वाट वाकडी करून लोणीला बहिणीकडे जाऊन आला. भाचीचं बारसं होतं. साहेबांना कळलंच. त्यांनी त्याला समोर उभं केलं. आम्हाला वाटलं आता बिचाऱ्याचं काही खरं नाही. पण ते ओरडले नाहीत. त्याच्याकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "नेमल्या वाटेनं न गेलेलं परत घावत न्हाई रं बाबा." ड्रायव्हर मला नंतर म्हणाला, "त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अंगावर काटा आला माझ्या."

आता त्या पिंपाकडे येते.

लाकडात ठेवलेली ब्रँडी श्वास घेते. लाकडाच्या छिद्रांतून थोडी थोडी उडून जाते आणि वर्षाला पिंपातली पातळी जराशी उतरते. कायद्याला हे ठाऊक आहे. एवढी तूट चालेल असं त्यात लिहिलेलंच आहे. वाऱ्याचा वाटा म्हणा. त्यापेक्षा जास्त तूट आली की मात्र मालकानं उत्तर द्यायचं, कुणाला पाजली म्हणून.

सगळी पिंपं नियमात उतरत होती. फक्त आतल्या डाव्या कोपऱ्यातलं एक पिंप वाऱ्याच्या वाट्याच्या कितीतरी पुढं गेलं होतं. साहेबांनी पातळी मोजायचा पितळी गज बुडवून पाहिला, पुसला, पुन्हा बुडवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुणीतरी पितंय."

पिंप गळत नव्हतं. मी हात फिरवून पाहिला, कागद टेकवून पाहिला. शंका नको म्हणून ब्रँडी दुसऱ्या पिंपात ओतली आणि ते त्या कोपऱ्यात ठेवलं. तेही उतरू लागलं. दोन्ही कुलपं जागच्या जागी. सरकारी लाखेचा शिक्का शाबूत.

पिंपांची देखभाल करणारा बबन जुन्नरच्या पश्चिमेकडचा, डोंगरातला माणूस. घरी भाताची खाचरं, लावणी उरकली की आमच्याकडे कामाला. तो म्हणाला, "म्याडम, ह्या खोलीच्या खाली हीर व्हती. शेठनी बुजवली, तवा मी व्हतो. गार राहतंय म्हणून वर खोली बांधली. हिरीला राखणदार असतोय. तिचं पाणी तोडलं आपण. आता त्याला तहान लागणार न्हाई तर काय?" त्याचं म्हणणं, एक नारळ देऊन टाकावा. साहेबांनी साफ नकार दिला. "नारळानं तूट भरून येत न्हाई. तपास करू."

तपास म्हणजे काय, तर संध्याकाळी त्यांनी त्या कोपऱ्यात जमिनीवर रांगोळीची पूड पसरली. चाळणीनं, अगदी सारखी. दारं बंद केली, शिक्के मारले. सकाळी मीना नदीच्या अंगानं आलेलं धुकं अजून बागेतून हललं नव्हतं तेव्हा आम्ही तिघं दारापाशी उभे होतो. टकटक झाली. शासकीय तपासणी झाली. दार उघडलं.

पावलं नव्हती. एकही नाही. पण पिंपासमोर, भिंतीला लागून, पूड एका जागी पुसली गेली होती. कुणी मांडी घालून टेकून बसावं आणि उठून जावं, तेवढीच जागा.

बबन त्या दिवसापासून आत येईना. मी त्याला सांगितलं, ओल आली असेल, ओलीनं पूड खाली बसते. मी केमिस्ट, असं काहीतरी सांगणं माझं कामच होतं. पण खरं सांगायचं तर दुपारी त्या खोलीत एकटीनं उभं राहायचं मीही टाळू लागले. आत कधी कधी आवाज यायचा. गुटुक. घोट घशाखाली उतरावा तसा. लाकूड आकसतं, हवेचा बुडबुडा वर येतो, मला सगळं माहीत होतं. माहीत असूनही मान आपोआप कोपऱ्याकडे वळायची.

एरवीही ते दिवस भीतीचेच होते. उसात बिबटे वाढले होते. दिवेलागण झाली की वस्त्यांची दारं पटापट लागायची. उसात काय आहे ते निदान सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या खोलीत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

भालेराव साहेबांनी मग जो उपाय काढला तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता. त्यांनी दुपारी खोलीत खुर्ची नेली, कोपऱ्याकडे तोंड करून बसले, आणि कायद्याचं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायला लागले. मी किल्लीची मालकीण म्हणून दारात स्टुलावर.

"परवान्याशिवाय मद्य बाळगणे, वाहून नेणे अथवा सेवन करणे हा गुन्हा आहे," त्यांनी वाचलं. मग पुस्तक खाली करून आपल्या बोलीत म्हणाले, "आता आपल्याकडं परवाना हाय का न्हाई, आमाला माहीत न्हाई. नसंल तर काढून घ्यावा. वयाची अट हाय." थोडं थांबून, "वय भरलेलं असंल आपलं. दिसतंय तसं."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. कारण ते कोपऱ्यातल्या एका ठराविक उंचीकडे बघून बोलत होते. जमिनीवर बसलेल्या माणसाचं तोंड जिथं असेल तिथं.

असं रोज चालू झालं. विक्रीच्या वेळा वाचून झाल्या, वाहतुकीचे नियम झाले, शेवटी दारूबंदीचे दिवस आले. वर्षात कोणकोणत्या दिवशी दारू विकायला बंदी असते, ते त्यांनी सावकाश, मुलाला पाढा समजावून सांगावा तसं सांगितलं. त्या पिंपाची पातळी आता ते रोज मोजत होते. दोन ऑक्टोबर आला. तीन तारखेला सकाळी गज बुडवला. पातळी सुतानंही उतरली नव्हती. चार तारखेला पुन्हा उतरली.

दत्तूशेठ मोठ्यानं हसले. आणि मग हसता हसताच दोन पावलं दाराकडे सरकले. बबननं कानाला हात लावला. भालेराव साहेबांचा चेहरा मात्र उजळला होता. "कायदा पाळणारा हाय," ते म्हणाले. "जबरदस्ती करणाऱ्यांतला न्हाई."

पण खात्याची पुण्याची कचेरी अशानं थोडीच ऐकणार? साहेबांनी तूट जशीच्या तशी कळवली होती. उत्तर आलं, वर्षअखेरच्या तपासणीपर्यंत खुलासा द्या, नाहीतर परवाना स्थगित होईल. परवाना गेला की कारखाना गेला. दत्तूशेठनी बँकेकडून घेतलेलं भांडवल, बबनची उन्हाळ्यापर्यंतची भाकरी, माझी औषधाची कंपनी, सगळंच गेलं.

"साहेब," दत्तूशेठ हात जोडून म्हणाले, "गज जरासा तिरका बुडवला तर?"

"गज सरळच बुडवावा लागतो, शेठ." साहेबांचा आवाज मऊ होता. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. पण गज सरळच राहिला.

त्यानंतरची एक दुपार. वीज गेली होती. मी कुलूप काढून दिलं आणि ऑफिसात फोन वाजला म्हणून धावले. परत आले तर खोलीत मिट्ट काळोख, फक्त दारातून येणारी उजेडाची पट्टी. साहेब खुर्चीवर नव्हते. कोपऱ्यात, पिंपासमोर, जमिनीवर बसले होते. हातात पुस्तक नव्हतं.

"आण्णा," ते म्हणत होते, "आता बास करा. पोराबाळांची माणसं हायेत ही. ह्यांचं पोट जाईल." मग थांबले. समोरचा बोलत असताना आपण थांबतो, तितकंच. मधूनच मान हलवली. "व्हय. व्हय, माझं चुकलंच. पर ह्यांचं काय चुकलं?" पुन्हा थांबले. आणि मग, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, "जेवला का?"

पिंपाचं लाकूड कुरकुरलं. मी मागच्या मागे बाहेर आले आणि उन्हात जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी ते फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. एरवी यायचे नाहीत. एसटीला वेळ होता. मी काही विचारलं नव्हतं. तेच बोलले.

"आण्णा म्हंजी माझा बाप. हिरी खोदायचा. पहार, घमेलं घिऊन जुन्नर, ओतूर, हिकडं सगळीकडं जायचा. प्यायचा. पर कुणाला वाईट बोलला न्हाई कधी. पिऊन आला की पुढच्या दारानं यायचा न्हाई. पुढं बुद्धाची तसबीर व्हती, तिला तोंड दाखवायला लाजायचा. मागच्या दारानं येऊन गुपचूप निजायचा.

"मी खात्यात जवान म्हणून लागलो. नवाच व्हतो. छापा कुठं हाय त्ये गाडीत बसंस्तवर सांगत नसायचे. गाडी थांबली तर घोडनदीचा काठ, आमचाच. हातभट्टी व्हती. मानसं पळाली. आण्णा उसात शिरला. मी बघितलं. दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं, म्याडम. मी गप बसलो असतो तर कुणालाच घावला नसता."

एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत ते थांबले.

"मी हाक मारली. आण्णा, बाहेर या. मी हाक मारली म्हणून आला तो. हसत आला. त्याला वाटलं, पोरगं सोडवायला आलंय. मग त्यानं माझी वर्दी बघितली."

"मग?"

"मग काय. दंड भरून सुटला. घरी आला, जेवला. दुसऱ्या दिवशी हिरीच्या कामाला जातो म्हणून निघाला. तो गेलाच. आमी लई हुडकला. कोणत्या गावाला, कोणत्या वाटंनं, काय सांगून गेला न्हाई." त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. "दारूच्या एका बाटलीचा रस्ता सरकारला ठाऊक असतो. माझ्या बापाचा कुणालाच ठाऊक न्हाई."

"आणि तुम्हाला वाटतं, की तिथं..."

"मला काय वाटत न्हाई," ते पटकन म्हणाले. "आपण मानत न्हाई असलं. पर कुणीतरी पितंय. आणि इथली बुजवलेली हीर कुणी खोदली व्हती, त्ये दत्तूशेठला ठाऊक न्हाई. मी इचारलं."

एसटी आली. मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ते टोपी हातात घेऊन तसेच उभे होते.

वर्षअखेरीला पुण्याहून मोठे साहेब यायच्या आधीच भालेराव साहेबांनी स्वतः लिहून पाठवलं, की कोपऱ्यातल्या पिंपाचा हिशोब लागत नाही, लागेल असं वाटतही नाही, तरी त्यातला सगळा माल अधिकाऱ्यांच्या समोर नष्ट करावा, तुटीवरचं शुल्क मालकाकडून घ्यावं आणि बाकीच्या पिंपांवर परवाना चालू ठेवावा. कायद्यात तशी वाट होती. त्यांनी ती शोधून काढली होती. पुण्याचं उत्तर आलं, मंजूर.

तो दिवस थंडीचा होता. मोठे साहेब बागेत खुर्चीवर बसले, बागेच्या कडेला खड्डा खणलेला. पिंपाचं बूच काढून नळीनं ब्रँडी बाहेर सोडली. चार वर्षं मुरलेली ब्रँडी मातीत जात होती आणि त्या वासानं सगळं शिवार भरून गेलं. दत्तूशेठ पाठ करून उभे होते. खड्ड्यावर मधमाश्या घोंघावायला लागल्या.

नळीतून थेंब यायचे थांबले, तेव्हा रिकामं पिंप बाहेर आणायला माणसं आत गेली. एरवी दोघं ते सहज उचलतात. त्या दिवशी चौघांनी जोर लावला, ते हललं नाही. मी बुचाच्या भोकातून पाहिलं, पिंपात काही उरलं नव्हतं. जमिनीला चिकटलं असेल म्हणून पहारीनं बूड मोकळं केलं. तरी नाही. चौघं एकमेकांकडे बघायला लागले.

"जरा बाहेर व्हा," भालेराव साहेब म्हणाले. मी दारात राहिले, किल्ली माझी होती. त्यांनी पिंपावर हात ठेवला, म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"आण्णा, चला आता," ते म्हणाले. "हितनं निघायचं. वारूळवाडी, मग नारायणगाव. कळंबवरनं घोडनदीचा पूल. पुढं मंचर, तिथनं अवसरी. मधी कुठं थांबायचं न्हाई. घराचं पुढचं दार उघडं ठेवलंय. मागनं यायची गरज न्हाई."

मग त्यांनी बाहेर बघून मान हलवली. माणसं आली. दोघांनी हात लावला आणि पिंप उचललं गेलं. हलकं, रिकाम्या पिंपासारखं. मी हे ऐकलेलं सांगत नाही. मी तिथं होते.

कारखाना वाचला. त्या कोपऱ्यात दुसरं भरलेलं पिंप ठेवलं, त्याची तूट नियमात बसली. पुढच्या महिन्यातही बसली. दत्तूशेठनी पेढे वाटले. बबन शिट्टी वाजवत आत जाऊ लागला. त्या खोलीतला आवाज बंद झाला, ती नुसती थंड खोली झाली. आणि भालेराव साहेबांनी दार वाजवायचं सोडून दिलं. आले की सरळ किल्ली फिरवायचे, गज बुडवायचे, आकडा सांगायचे. दूधवाल्याला मार्ग विचारेनासे झाले. दूधवालाच मला म्हणाला, "साहेबांची तब्येत बरी न्हाई का?" एकदा त्या कोपऱ्यात गज पुसत ते कितीतरी वेळ नुसते उभे राहिले. मी हाक मारली तेव्हा म्हणाले, "बरोबर हाय. काय कमी झालेलं न्हाई." असं सांगताना कुणाचा चेहरा इतका पडलेला मी पाहिला नव्हता.

पुढं त्यांची बदली झाली आणि मग निवृत्ती. आमची गाठ पडायची थांबली. हातात मोबाइल आले, पुणे-नाशिक रस्ता रुंद झाला, दत्तूशेठच्या पोरानं ब्रँडीचा धंदा पुण्यात नेला. मी मंचरलाच एका लॅबमध्ये लागले.

काही वर्षांनी एका कामासाठी अवसरीला गेले होते, तेव्हा विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ. बायको वारलेली, मुलगी सासरी. साहेब एकटेच असतील असं धरून मी गेले होते. तर ओट्यावर एक म्हातारा बसला होता आणि भालेराव साहेब समोर उकिडवे बसून त्याची नखं काढत होते.

मी म्हाताऱ्याला ओळखलं. लोणीचे रंगूबाबा. माझं माहेर लोणीचं, तिथं यांना कोण ओळखत नव्हतं? आयुष्यभर प्यायलेले. मुलांनी घराबाहेर काढलं, मग मंचरच्या स्टँडवर पडून असायचे. तिथून साहेबांनी त्यांना रिक्षात घालून आणलं होतं.

"हात हलवू नका बाबा, लागंल," साहेब दरडावत होते. "या म्याडम, बसा. ह्यांचा एवढा पंजा व्हऊ द्या."

"सायेब," म्हातारा म्हणाला, "आज थोडी..."

"डॉक्टरनं काय सांगितलंय? आधी आमटी-भात खायाचा. मग बघू."

"मग बघू म्हणता आन् बघत न्हाई तुमी."

"बघतो की. तुमच्याकडंच बघतोय दिसभर."

जेवण झालं. म्हाताऱ्यानं निम्मा भात सांडला, साहेबांनी तो न बोलता वेचला. मग त्याला आत खाटेवर निजवलं आणि पायांवर घोंगडी टाकली. साहेब दारातच सतरंजी टाकून आडवे होण्याच्या बेतात होते.

"हे निघून जात नाहीत का?" मी हळूच विचारलं. "लोणीला तर म्हणायचे, रंगूबाबा कुणाच्या घरी टिकत नाहीत."

"जात्यात की. दोनदा गेले. सापडले." साहेबांनी उशी नीट केली. "कोंडून ठेवू व्हय मानसाला? न्हाई. त्यांना जायचं तर त्यांनी जावं." मग आत वळून, म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ओ बाबा, जायचं झालं तर जावा. पर मी हितं दारात निजलोय. मला तेवढं उठवून जावा."